रक्ताची साक्ष : यकृतरोपण आणि कर्करोगाचें परतणें

माझ्या आजच्या भाषणाचा विषय वैद्यकाचा आहे आणि मी वैद्य नाहीं. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील मराठी शाळांत इतिहास आणि गणित शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, असा जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला मी एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. मग असल्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असें आपण विचाराल. तो मला माझ्या एका विद्यार्थ्यानें दिला.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, उतारावर नाचणी-वरी आणि खालच्या खाचरांत थोडें भात पिकविणारा हा गृहस्थ आज पन्नाशी ओलांडलेला आहे. २०१९ सालीं मुंबईंतील एका रुग्णालयांत त्याचें रोगट यकृत काढून तेथें त्याच्या मुलाच्या यकृताचा एक भाग बसविण्यांत आला. कारण त्याच्या यकृतांत कर्करोगाची गांठ होती. तेव्हांपासून दर कांहीं महिन्यांनीं तो महाडच्या स्थानकावर मुंबईची एस्. टी. धरतो, रक्त तपासून घेतो, आणि परततांना माझ्या ओसरीवर बसून एक कागद पुढें करतो. "गुरुजी, हा आंकडा काय म्हणतो, तेवढें सांगा." कागदावर एका प्रथिनाचें लांबलचक नांव आणि त्यापुढें एक आंकडा असतो. आंकडा वाचतां येणें आणि आंकड्याचा अर्थ कळणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें मीं वर्गांत अनेक वर्षें सांगितलें होतें. आतां तें मलाच कोणी तरी सांगावें अशी पाळी आली. म्हणून मीं मिळेल तें वाचलें, जाणत्या डॉक्टरांना विचारलें, आणि माझ्या ध्यानांत आलें कीं, या एका आंकड्यामागें साठ वर्षांचा इतिहास उभा आहे. तोच आज आपल्यापुढें मांडतों.

प्रथम, एका गांठीसाठीं सबंध यकृत कां काढावें, हें पाहूं. आपल्या बोलींत 'काळीज' हा शब्द कधीं हृदयाला लावतात, तर कधीं यकृताला. यावरून या अवयवाची थोरवी आपल्या पूर्वजांना ठाऊक होती असें दिसतें. यकृताचा कर्करोग बहुधा निरोगी यकृतांत उपजत नाहीं. 'ब' किंवा 'क' जातीची कावीळ वर्षानुवर्षें अंगांत मुरलेली असते, किंवा मद्यानें अथवा साचलेल्या चरबीनें यकृत आक्रसून कठीण झालेलें असतें. अशा नासलेल्या जमिनींत हें विषारी रोप उगवतें. गांठ तेवढी कापली तर जमीन तशीच राहते आणि शेजारीं दुसरें रोप फुटतें. सबंध यकृत बदललें म्हणजे रोप आणि जमीन दोन्ही जातात. ही या शस्त्रक्रियेमागील मूळ कल्पना होय.

परंतु तिच्यांत एक मोठी खोंच आहे. यकृत काढण्यापूर्वींच कर्करोगाच्या कांहीं पेशी रक्तावाटे निसटून फुप्फुसांत, हाडांत किंवा अन्यत्र दडून बसल्या असतील तर? रोप्याला परका अवयव मानवावा म्हणून त्याच्या शरीराची प्रतिकारशक्ति औषधांनीं मुद्दाम दाबून ठेवावी लागते. पहारेकऱ्याला गुंगी आणली असतां चोराला मोकळें रान मिळतें. नीट निवडलेल्या रुग्णांतहि साधारण दहांतील एका-दोघांत हा रोग परततो, आणि परततो तो बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत. तो कोणाच्या बाबतींत परतेल हें आधीं ओळखावयाचें कसें, हाच आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा इतिहास यकृतरोपणाच्या इतिहासाबरोबरच सुरू होतो. १९६३ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील डेन्व्हर येथें थॉमस स्टार्झल या शल्यविशारदानें माणसावर पहिलें यकृतरोपण केलें. तीन वर्षांचें तें मूल रक्तस्रावानें शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावलें. पुढचे रुग्णहि तीन-साडेतीन आठवड्यांपलीकडे जगले नाहींत. स्टार्झलनें काम थांबविलें, प्रयोगशाळेंत परत जाऊन अभ्यास केला, आणि १९६७ च्या जुलैंत पुन्हां हात घातला. या वेळीं रुग्ण होती दीड वर्षाची एक मुलगी. तिच्या यकृतांत कर्करोग होता. ती वर्षाहून अधिक काळ जगली आणि यकृतरोपण साधतें हें जगाला प्रथम तिच्यामुळें कळलें. पण शेवटीं ती गेली, ती बसविलेलें यकृत निकामी झालें म्हणून नव्हे, तर कर्करोग परतला म्हणून. यकृतरोपणाच्या पहिल्या यशालाच हा शत्रु आडवा आला होता.

१९८० नंतर सायक्लोस्पोरिन नांवाच्या औषधानें परक्या अवयवाचा नकार ताब्यांत आला आणि शस्त्रक्रिया सरसकट होऊं लागल्या. इतर कोणताहि उपाय चालत नाहीं अशा मोठमोठ्या गांठी असलेल्या रोग्यांना यकृतें बसविण्यांत आलीं. हेतु दयेचा होता, पण फळ कडू आलें. बहुतेकांत रोग परतला आणि मोलानें मिळालेलीं यकृतें वायां गेलीं. कर्करोगाला यकृतरोपण नकोच, असें तज्ज्ञ बोलूं लागले.

हा निराशेचा काळ संपविला तो इटलींतील मिलान शहरानें. विंचेन्झो मात्साफेरो व त्याचे सहकारी यांनीं १९९६ सालीं ४८ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनीं एक साधा नियम घातला होता : गांठ एकच असेल तर ती ५ सेंटिमीटरांहून मोठी नको, अनेक असतील तर तीनच, आणि त्यांतील कोणतीहि ३ सेंटिमीटरांहून मोठी नको, रोग रक्तवाहिनींत शिरलेला नको. असे रुग्ण निवडल्यावर चार वर्षांनीं शेंकडा ७५ जिवंत होते. हाच पुढें जगभर 'मिलानचा नियम' म्हणून रूढ झाला.

येथें माझ्यांतील शिक्षकाला एक शंका आली. पट्टीनें मोजून मुलाची उंची कळते, स्वभाव कळत नाहीं. दोन सेंटिमीटरांची एखादी गांठ उपद्रवी असेल आणि सहांची एखादी शांत असेल. स्कॅनच्या चित्रांत आकार दिसतो, वृत्ति दिसत नाहीं. मग ती कोठें दिसते? ती कांहीं अंशीं रक्तांत दिसते. त्यासाठीं आपल्याला पुन्हां १९६३ सालाकडे, पण या वेळीं मॉस्कोकडे गेलें पाहिजे.

ज्या वर्षीं स्टार्झल डेन्व्हरला धडपडत होता, त्याच वर्षीं मॉस्कोंत गॅरी अबेलेव्ह हा संशोधक यकृताची गांठ झालेल्या उंदरांचें रक्त तपासत होता. त्याला त्यांत एक चमत्कारिक प्रथिन आढळलें. तें निरोगी मोठ्या उंदराच्या रक्तांत नसे. गर्भांतील पिलाच्या रक्तांत असे. पुढच्याच वर्षीं, १९६४ त, युरी तातारिनोव्ह यानें तेंच प्रथिन यकृताचा कर्करोग झालेल्या माणसाच्या रक्तांत दाखविलें. यालाच अल्फा-फीटोप्रोटीन म्हणतात; आपण त्यास सोयीसाठीं 'गर्भप्रथिन' म्हणूं. मूल पोटांत असतांना त्याचें यकृत हें प्रथिन विपुल बनवितें. जन्मानंतर वर्षभरांत तें आटतें, आणि मोठ्या माणसाच्या रक्तांत तें दर मिलिलिटरमागें साधारण १० नॅनोग्रॅमांच्या आंत राहतें. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. कर्करोगाची पेशी आपलें प्रौढपण विसरून गर्भावस्थेंतील संवय पुन्हां धरते आणि हें प्रथिन रक्तांत सोडूं लागते. आकारापेक्षां वृत्ति सांगणारी खूण ती हीच.

या साक्षीदारावर सर्वस्वीं भिस्त मात्र ठेवतां येत नाहीं. कित्येक रुग्णांत कर्करोग असूनहि हें प्रथिन वाढत नाहीं. उलट साध्या काविळींत किंवा गरोदरपणांत तें वाढलेलें दिसतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं आणखी साक्षीदार हुडकले. रक्त गोठविणारें एक प्रथिन यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या साहाय्यानें तयार करतें. यकृताच्या कर्करोगांत तें पुष्कळदां अर्धवट घडलेल्या रूपांतच रक्तांत येतें, असें लीब्मन व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८४ सालीं दाखविलें. तिसरा साक्षीदार आपल्या स्वयंपाकघराच्या ओळखीचा आहे. गर्भप्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार कर्करोगांत अधिक आढळतो. तो मसुरींतून काढलेल्या एका द्रव्याला चिकटतो, आणि या गुणावरून तो निराळा काढून मोजतां येतो. आपण जिची आमटी करतों त्या मसुरीचा असाहि उपयोग होत असेल हें मला कधीं स्वप्नांतहि आलें नसतें.

आतां हे दोन प्रवाह, पट्टीचा आणि रक्ताचा, एकत्र कसे आले तें पाहूं. २०१२ सालीं फ्रान्समधील तज्ज्ञांनीं एक गुणपत्रिका तयार केली. सर्वांत मोठी गांठ ३ सेंटिमीटरांपर्यंत असल्यास शून्य, ३ ते ६ असल्यास १, त्याहून मोठी असल्यास ४ गुण. गांठी तीनपर्यंत असल्यास शून्य, चार किंवा अधिक असल्यास २. गर्भप्रथिन १०० पर्यंत असल्यास शून्य, १०० ते १००० असल्यास २, हजाराच्या वर असल्यास ३. बेरीज दोनपर्यंत असेल तर रोग परतण्याचा धोका कमी, दोनच्या वर गेली तर अधिक. यांतून असें निष्पन्न झालें कीं, मिलानच्या नियमांत बसणारे पण रक्तांत हजाराहून अधिक प्रथिन असणारे रुग्ण प्रत्यक्षांत धोक्याचे होते. आणि नियमांत न बसणारे, पण रक्त शांत असलेले कांहीं रुग्ण उत्तम तरले. जपाननेंहि गांठीचा आकार, गांठींची संख्या आणि गर्भप्रथिन या तिन्हींचा मेळ घालून पांच सेंटिमीटर, पांच गांठी आणि ५०० नॅनोग्रॅम अशी मर्यादा आंखली.

शस्त्रक्रियेनंतरची गुणपत्रिका याहून निराळी. काढलेलें यकृत सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतां येतें, म्हणून तेव्हां अधिक कांहीं कळतें. अमेरिकेंतील नील मेहता व इतर तज्ज्ञांनीं १०६१ रुग्णांच्या अनुभवावरून २०१७ सालीं ती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या वेळचें गर्भप्रथिन, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरलेल्या पेशी, आणि जिवंत गांठीचा आकार व गांठींची संख्या यांची बेरीज, अशीं तीन अंगें तिला आहेत. जिची बेरीज शून्य, त्या रोग्यांत पांच वर्षांत रोग परतण्याचा संभव शेंकडा तिनांहून कमी. पांच किंवा त्याहून अधिक असेल तर शेंकडा पंचाहत्तरांहून जास्त. मग त्याप्रमाणें कोणाला वारंवार बोलवावयाचें व कोणाला नाहीं, हें ठरवितां येतें.

श्रोतेहो, येथवरची कथा परदेशाची झाली. आपल्या महाराष्ट्राचा तिच्याशीं काय संबंध, हेंहि पाहिलें पाहिजे. रक्ताची भाषा वाचण्यांत मुंबई मागें नव्हती. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक अत्यंत दुर्मिळ रक्तगट शोधून काढला. जगाच्या वैद्यकग्रंथांत तो आज 'बॉम्बे' या नांवानेंच ओळखला जातो. अवयव बसविण्याच्या कामींहि मुंबई पुढें होती. परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांत १९६५ सालीं मूत्रपिंडाचें, आणि १९६८ च्या फेब्रुवारींत डॉ. पी. के. सेन यांच्या हातून हृदयाचें रोपण झालें. रुग्ण फार काळ जगले नाहींत, पण पायवाट पडली. पुढें १९९४ सालीं संसदेनें मानवी अवयवांच्या रोपणाचा कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळें कांहीं राज्यांच्या विधिमंडळांनीं तसा ठराव केल्यावर हा कायदा झाला, आणि त्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा हीं दोन्हीं होतीं. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो अमलांत आला. मेंदू मृत झालेल्या माणसाचे अवयव नातलगांच्या संमतीनें घेण्यास त्यामुळें मुभा मिळाली, आणि अवयवांच्या खरेदी-विक्रीला बंदी झाली. १९९८ च्या नोव्हेंबरांत दिल्लींत एका पित्यानें आपल्या दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला यकृताचा भाग दिला. तें भारतांतील पहिलें यशस्वी यकृतरोपण. तें मूल मोठें होऊन स्वतः डॉक्टर झालें. मुंबईंत २००० सालीं मृत दात्यांचे अवयव न्याय्य रीतीनें वांटण्यासाठीं विभागीय समन्वय केंद्र स्थापन झालें.

तरीहि आपल्याकडे मृत दात्यांचीं यकृतें थोडीं मिळतात. बहुसंख्य यकृतें जिवंत नातलगच देतात. या एका गोष्टीनें रक्तांतील आंकड्याचा अर्थ पालटतो. पाश्चात्त्य देशांत तो आंकडा प्रतीक्षायादींतील अनोळखी माणसांमध्यें न्याय करण्यासाठीं वापरतात. आपल्याकडे तो बापाच्या खाटेवर आणि मुलाच्या पोटावर येऊन ठेपतो. दात्याचें उरलेलें यकृत कांहीं महिन्यांत बहुतांशीं पूर्ववत् वाढतें हें खरें. परंतु उजवा भाग देणाऱ्यांपैकीं हजारांत एक ते पांच दाते दगावतात, असें सर्वसाधारण मानतात. रोग परतणारच असेल तर हा धोका निरोगी पोरानें कां पत्करावा?

माझ्या विद्यार्थ्याच्या घरांत हाच प्रश्न उभा राहिला. त्याच्या यकृतांत चार सेंटिमीटरांची एकच गांठ होती. मिलानच्या पट्टीनें तो पास होता. पण गर्भप्रथिन होतें १४००. डॉक्टर म्हणाले, "थांबा. आधीं रोहिणींतून नळी घालून गांठीवर औषध सोडूं, मग रक्त पुन्हां पाहूं." घरची मंडळी अस्वस्थ झाली. मुलगा तयार, पैशाची जुळवाजुळव झालेली, मग वेळ कां दवडतात? बाप तर निराळेंच बोलत होता. तो मला म्हणाला, "गुरुजी, माझा रोग जर परत यायचाच असेल, तर पोराला कापूं नका, असं तुम्ही त्यांना सांगा. तुमचं ऐकतील." मीं कोणाला कांहींच सांगितलें नाहीं, मला काय ठाऊक होतें? मी नुसता बसून राहिलों.

आज मला तें गणित मांडतां येतें. फ्रेंच गुणपत्रिकेनें तेव्हां त्याचे गुण गांठीबद्दल १ आणि रक्ताबद्दल ३, एकूण ४, म्हणजे धोक्याचे. औषध सोडल्यावर चार महिन्यांत प्रथिन उतरून ९० वर आलें. आतां रक्ताबद्दल शून्य, गांठीबद्दल फार तर १. गांठ तीच होती, मुलगा तोच होता. फक्त रोगाची वृत्ति उतरणीला लागल्याचें रक्तानें सांगितलें होतें. तें थांबणें वेळ दवडणें नव्हतें. मुलाच्या देहाचें मोल जाणून रोगाला घातलेली ती परीक्षा होती. तेव्हां शस्त्रक्रिया झाली. आणखी एक सुरेख गणित त्यानंतर दिसतें. हें प्रथिन रक्तांत दर पांच ते सात दिवसांनीं निम्मे होतें. म्हणजे रोगट यकृत समूळ गेलें असेल तर ९० चे ४५, ४५ चे साडेबावीस, मग सव्वाअकरा, असें तीन-चार आठवड्यांत तें मूळपदावर यावें. त्याचें तसें आलें. न येतें, तर कोठें तरी रोग उरला आहे असा संशय धरावा लागला असता.

२०२१ च्या जुलैंत सावित्री आणि गांधारी यांच्या पुरानें महाड बुडालें, २२ तारखेस तळियेची दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं माणसें गाडलीं. रस्ते बंद झाले. त्याची तपासणी नेमकी त्याच आठवड्यांत होती. प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें संपत आलीं होतीं. मुलगा चिखल तुडवीत जाऊन तीं घेऊन आला. कागदांची थैली मात्र त्यानें पावसाळा लागतांच मेणकापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. तपासणी तीन आठवडे उशिरां झाली. मोठ्या शहरांतील वैद्यकाचा धागा आमच्या डोंगरांत किती बारीक आहे, हें मला त्या दिवसांत उमगलें.

आंकडा वाचतांना एक विवेक मात्र राखला पाहिजे. शेंकडा वीस म्हणजे शंभर माणसांबद्दलचें विधान. एका माणसापुढें तें भविष्य म्हणून ठेवतां येत नाहीं. एकदां किंचित् वाढलेला आंकडा म्हणजे रोग परतला असें नव्हे. पुन्हां तपासावा, चढती कमान दिसली तर स्कॅन करावा. आणि आंकडा शांत आहे म्हणून स्कॅन चुकवूंहि नये, कारण मुका कर्करोगहि असतो. पेशींतून रक्तांत सुटलेले जनुकद्रव्याचे तुकडे शोधून याहून लवकर सुगावा लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण आजहि रोजच्या व्यवहारांत मुख्य साक्ष १९६३ च्या त्या गर्भप्रथिनाचीच आहे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय या सर्वांच्या आधींचा आहे. तैवाननें १९८४ सालीं नवजात बालकांना 'ब' काविळीची लस देण्यास आरंभ केला, आणि पुढें तेथील मुलांतील यकृताचा कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्या देशांतहि ही लस २०११ पासून सार्वत्रिक कार्यक्रमांत आहे. जन्मानंतर चोवीस तासांच्या आंत तिची पहिली मात्रा बाळाला मिळावी. ज्यांच्या घरांत कोणाला 'ब' किंवा 'क' कावीळ झाली असेल, त्यांनीं उरलेल्यांचेंहि रक्त तपासून घ्यावें. काविळीवर गांवठी मुळी उगाळून देऊन महिने घालविणारीं घरें आमच्याकडे अजून आहेत. माझ्या विद्यार्थ्याचें घर त्यांपैकींच एक होतें, हें तो स्वतःच सर्वांना सांगतो.

गेल्या खेपेस तो आला तेव्हां लावणी नुकतीच आटोपली होती. कागद पुढें न करतां तो म्हणाला, "गुरुजी, चार." मीं विचारलें, "अरे, काय चार?" तेव्हां तो हंसला. आंकड्याचा अर्थ त्याला आतां माझ्याइतकाच कळतो. त्याच्या मुलाला मुलगी झाली होती, आणि तिला पहिल्याच दिवशीं लस टोंचल्याचें सांगण्यासाठीं तो मुद्दाम थांबला होता.